देवाला सांगितलं, डॉक्टरला नाही

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. कोणाची गाय आटते, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कोणाचा मुलगा बोटीवर निघालेला असतो. तो माणूस नारळ घेऊन येतो आणि मी देवळाच्या चौकात उभा राहून त्याच्या वतीनं देवाशी बोलतो. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करायची, एकेक मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्या लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी आमच्या पेडण्याकडची रीत. वडिलांनी मला एवढंच बजावलं होतं की गाऱ्हाणं अर्धवट घालायचं नाही. देवाला सगळं ठाऊक असतं हे खरं, पण आपण तोंड उघडून सांगितल्याशिवाय तो हलत नाही.

माझा आवाज खणखणीत. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याचं गाऱ्हाणं मी असं घातलंय की नवरा खांबामागे लपला होता. लाजतोस कशाला रे, असं मी वर त्यालाच ऐकवलं होतं. आणि हाच मी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, माझ्यातलं पुरुषपण ऐन वेळी दगा देतं ही गोष्ट स्वतःच्या बायकोला सांगू शकलो नाही.

सांगायचं टाळायला मी काय केलं? तर "आत उकडता" म्हणून उशी उचलली आणि बाहेरच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, झोपायला लागलो. डिसेंबरातसुद्धा उकडत होतं मला. बायको सावंतवाडीकडची, बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हे, पण याबाबतीत ती एक शब्द बोलली नाही. ती नीटनेटकं नेसायची, गजरा माळायची आणि मी पेपरात तोंड घालायचो. पुढे गजरा बंद झाला. माझ्या ते लक्षातही आलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

शेवटी डॉक्टरकडे जायचं ठरवलं. पण जायचं कुठे? पेडण्याच्या फार्मसीत काउंटरवर आमच्या चुलत घराण्यातलाच एकजण बसतो. डिचोलीत मी खाण बंद पडेपर्यंत वजनकाट्यावर होतो, तिथला रिकामा ट्रकसुद्धा मला ओळखतो. राहिलं फोंडा. आमची कुलदेवता फोंड्याच्या बाजूला आहे, त्यामुळे "देवाक जावन येतंय" म्हटलं की घरात कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मी खरोखरच आधी देवळात गेलो, नारळ ठेवला आणि मग डॉक्टरची पायरी चढलो. म्हणजे खोटं बोललो नाही, अशी मनाची समजूत.

डॉक्टर वयस्कर होते, शांत. मी आधी म्हणालो, थकवा येतो. मग म्हणालो, झोप नीट नाही. ते चष्म्यावरून बघत राहिले आणि त्यांनीच माझी अडचण दोन सरळ शब्दांत सांगितली, जणू गुडघेदुखीबद्दल बोलताहेत. मग प्रश्न सुरू झाले. रक्तदाब आहे? साखर तपासलीय? छातीत कधी दुखलंय? जिभेखाली ठेवायची गोळी कोणी दिलीय का?

दिली होती. दोन वर्षांपूर्वी गावामागच्या सड्यावर, त्या कातळमाळावर, चढताना छातीत कळ आली, तेव्हा पेडण्याच्या डॉक्टरनं एक छोटी बाटली दिली होती. पुन्हा दुखलं तर एक जिभेखाली ठेवा आणि पणजीला जाऊन तपासण्या करून घ्या, असं सांगितलं होतं. तपासण्या मी केल्या नाहीत. बायकोनं मात्र तशाच आणखी दोन बाटल्या आणवून एक माझ्या खिशात, एक मिठाच्या बरणीजवळ आणि एक देव्हाऱ्यात ठेवली होती. पण हो म्हटलं तर हे डॉक्टर औषध देणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

"ना," मी म्हणालो.

त्यांनी तरीही बजावलं. या औषधावर ती गोळी पडली तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस जातो. बाकीचंही समजावलं. तासभर आधी घ्यायची, पोट हलकं ठेवून. फेणीला त्या दिवशी हात लावायचा नाही. दिवसाला एक, आणि पहिल्यांदा गुण आला नाही तर आपल्या मनानं दोन करायच्या नाहीत. नजरेला किंवा कानाला अचानक काही झालं, किंवा ताठरपणा चार तास उतरला नाही, तर लाज गुंडाळून ठेवून दवाखाना गाठायचा. "आणि हे विजेचं बटण नव्हे," ते म्हणाले. "जवळीक तुमची तुम्हालाच करायला लागेल."

पहिल्या रविवारी मी सुंगटांची म्हणजे कोळंबीची कढी आणि तळलेला मोरी मासा पोटभर जेवून वर गोळी घेतली. काही झालं नाही. डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी पेज आणि लोणचं, एवढंच जेवलो. मुलगा मोपाच्या विमानतळावर कामाला, त्याची दुपारची पाळी. मुलगी लग्न होऊन सासरी. मी सोप्यावरची उशी उचलून आत नेली. बायको जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, बसून तांदूळ निवडत होती. तिनं उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

त्या दुपारी मी इतका सुखी होतो की संध्याकाळी शेजाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा बेकरीतला उंडा पाव आणून घातला. बायकोनं दुसऱ्या दिवशी गजरा माळला. तिचा निष्कर्ष वेगळाच. "फोंड्याचो देव जागृत हा हां," ती म्हणाली आणि देवीला ओटी बोलली. मी मान डोलावली. सगळं श्रेय देवाच्या नावावर जात होतं आणि मला ते सोयीचं होतं.

तिसऱ्या रविवारी गोळी घेऊन अर्धा तास झाला असेल, छातीत कळ आली. सड्यावर आली होती तशीच, मधोमध, दाबून धरल्यासारखी. मी पलंगाच्या कडेवर बसलो, कपाळावर घाम. बायको धावत गेली आणि मिठाच्या बरणीजवळची बाटली घेऊन आली. झाकण काढून गोळी माझ्या ओठांपाशी आणली.

"जीभ वर करा."

मी तोंड घट्ट मिटलं. ती चिडली. "आऽ करा म्हणतंय ना!"

त्या क्षणी मला दोन गोष्टींची भीती वाटत होती, मरणाची आणि सांगण्याची. आणि खरं सांगतो, काही क्षण तरी सांगण्याची भीती जास्त होती. मग तिचा हात दिसला. चिमटीत ती गोळी होती. ही बाई मला वाचवायला म्हणून जे देतेय त्यानंच मी तिच्या हातावर मेलो असतो, आणि तिला जन्मभर कळलं नसतं की का.

"नाका," मी म्हणालो. "ती नाका. मी दुसरी घेतलंय."

"दुसरी खयची?"

"ती गो. पुरुषांची. फोंड्याच्या डॉक्टरान दिलेली. ही तिच्यावर चलना नाय, जीव जाता."

तिनं गोळी परत बाटलीत टाकली. मग बाटलीचं झाकण लावलं आणि १०८ ला फोन केला. फोनवर माझं वय, गाव, देवळाकडून कुठे वळायचं, सगळं नीट सांगितलं. गाडी येईपर्यंत ती माझ्या पाठीला हात लावून बसली होती.

"देवाक गेल्लात म्हणून सांगलात माका," ती म्हणाली.

"देवाकय गेल्लंय."

"गावाचा सगळा बोंबलान सांगतास. माका एकटीक सांगूक नाय?" मग तिचा आवाज बदलला. "दोन वर्सां भायर निजलात. माका वाटला, मी नको झालंय तुमका."

मी रडलो. छातीत दुखतंय म्हणून रडतो असं ती समजली असेल तर समजो, मी तिच्या त्या वाक्यानं रडलो.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण आली. काय काय घेतलंय, विचारलं. या वेळी मी काही ठेवलं नाही. गोळीचं नाव, किती वाजता घेतली, जिभेखालची बाटली, न केलेल्या तपासण्या, फोंड्यात बोललेलं खोटं. घाबरलो की माझा आवाज चढतो, त्यामुळे सगळं देवळाच्या चौकातल्यासारखं निघालं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळून ऐकायला लागला. डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, "बरं केलं सांगितलंत. नाहीतर आम्हीही पहिल्यांदा ते जिभेखालचंच औषध दिलं असतं."

दोन दिवस ठेवून घेतलं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवलं. हृदय ठीक निघालं, कळ पित्ताची होती. साखर मात्र वाढलेली, आणि माझ्या मूळ दुखण्याचं कारण बहुतेक तीच. हृदयाच्या डॉक्टरनं फोंड्याच्या डॉक्टरना फोन लावला आणि मला समोर बसवून दोघं बोलले. जिभेखालची गोळी त्यांनी बंद केली. बायकोनं घरी येऊन तिन्ही बाटल्या गोळा केल्या, देव्हाऱ्यातली काढताना देवाला हात जोडले. साखर ताब्यात आल्यावर, महिन्याभरानं, फोंड्याच्या डॉक्टरनं पुन्हा गोळी लिहून दिली, आधीपेक्षा कमी ताकदीची. या वेळी बायको बरोबर होती. "आता कशे खरा बोलतत, विचारा तेंका," ती डॉक्टरना म्हणाली. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

मध्ये गावातला एकजण माझ्याकडे नारळ घेऊन आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "देवाक सांग, पण काय ता मोठ्यान नको." मला लगेच कळलं. वर म्हणतो, तुझ्याकडच्या दोन गोळ्या दे, बघतो. मी भडकलो. "ही काय विड्याची पानां, वाटूक? नारळ थंय ठेव आणि आधी डॉक्टराकडे जा. घरात असतत तितक्यो सगळ्यो गोळ्यो पिशवीत घालून ने." तो गेला. त्याच्या पिशवीतून काय निघालं ते मी विचारलं नाही.

आता आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधलेली आहे. गोळी घेतली की वेळ तिथे लिहायची, म्हणजे पुन्हा कधी छातीत दुखलं आणि मला बोलता आलं नाही, तर १०८ वाल्यांना ती सांगू शकेल. मुलानं एकदा विचारलं, हे कसले आकडे? "तुझ्या बापाशीच्या औषधाची वेळ," ती म्हणाली, आणि तेवढंच पुरलं.

गेल्या रविवारी मी गोळी घेऊन नुसताच जनेलाशी बसलो होतो. ती पेन्सिल हातात घेऊन कॅलेंडरपाशी उभी राहिली.

"घाला गाऱ्हाणा," ती म्हणाली.

"एक वाजून धा मिनटां," मी म्हणालो. "एक गोळी. पोटात पेज. छातीत काय नाय."

ती लिहीत होती.

"आणि गजरो बरो दिसता."

तिनं पेन्सिल सोडली, ती दोऱ्याला लोंबत राहिली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."