मामंजींचा खडू

माझे सासरे चंद्रमौली राव पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायचे. सकाळच्या पॅसेंजरने जायचे, संध्याकाळी परत. निवृत्त झाले तरी कुंभकोणमच्या बाजारात कुणीतरी वाकून नमस्कार करतंच, आणि तो घेण्याआधीच ते विचारतात, "बीजगणितात किती पडले होते तुला?"

त्यांची शिकवणी वहीत नसते. हॉलच्या तांबड्या गुळगुळीत फरशीवर ते खडूने गणित मांडतात, एकेक पायरी एकेका ओळीत. बरोबरचं चिन्ह म्हणजे उंबरा. उंबरा ओलांडला की अधिकचं वजा होतं, वजाचं अधिक. शेवटी ताळा, म्हणजे आलेलं उत्तर मूळ गणितात घालून पाहायचं. ताळा जुळल्याशिवाय फरशी पुसायची नाही. सुरेंद्र, म्हणजे माझे यजमान, असेच शिकले. आता माझी सुष्मिता शिकते, नववीत आहे.

सहामाहीत तिला गणितात शंभरपैकी सतरा गुण पडले. मुख्याध्यापिकेने मला बोलावून सांगितलं, "वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर नववीतच ठेवावं लागेल. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण देतो आम्ही. हिच्या पायऱ्याच चुकतात."

त्या संध्याकाळी मी भाजी चिरत हॉलमध्येच बसले. मामंजींनी लिहिलं: पाच एक्स वजा सात बरोबर तीन एक्स अधिक नऊ. मग तीन एक्स अलीकडे आणले, वजा केले. सात पलीकडे नेले, पण वजाच ठेवले. दोन एक्स बरोबर दोन. एक्स एक. ताळा जुळला नाही. तरी फरशी पुसली, पुन्हा मांडलं, पुन्हा तेच.

"पुस्तकात छपाईची चूक दिसते, कण्णा," ते नातीला लाडाने म्हणाले.

"हो आजा, चूकच आहे," सुष्मिता म्हणाली आणि तसंच उतरवून घेतलं.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "तुला कळत होतं ना?"

"आधी कळायचं. आता मलाही गोंधळ होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दिवाळीत एकदा सांगितलं होतं. ते जेवले नाहीत, आई. मला म्हणाले, तुझं नाव काय?"

मी एम.एस्सी. झालेली बाई. मला हे दिसलं नाही. एकादशीला जवळच्या मरुदानल्लूरच्या मठात भजनाला ते अजून टाळ घेऊन जातात, अभंगाचा एक शब्द चुकत नाही. तेवढ्यावर आम्ही सगळे निश्चिंत होतो.

सुरेंद्र म्हणाले, "शिकवणी लाव. पण अप्पांना काय सांगशील?"

"तुम्ही सांगा."

"मला नाही जमायचं."

आज सुष्मिताला शेषाद्री सरांकडे शिकवणीला पाठवलं आणि तिच्या जागी मी फरशीवर बसले.

"पोर कुठे?"

"शाळेत जादा तास आहे, मामंजी. आज मला शिकवा."

ते हसले. "एम.एस्सी.ला काय शिकवू?" तरी तेच समीकरण मांडलं. पुन्हा तीच पायरी, तीच चूक. ताळा जुळेना. या वेळी त्यांनी पुस्तकाला दोष दिला नाही. खडू माझ्यापुढे धरला. "तू कर."

मला मुद्दाम चुकवता आलं असतं. मी बरोबर सोडवलं. दोन एक्स बरोबर सोळा, एक्स आठ. ताळा घातला: दोन्हीकडे तेहतीस.

त्यांनी माझ्या पायऱ्या बोटाने एकेक करून तपासल्या. मग म्हणाले, "पोरीला मी कधीपासून चुकीचं शिकवतो आहे?"

मी म्हटलं, "तसं काही नाही."

"तिला गुण किती पडले ते सांग."

मी सांगितलं. ते उठून खोलीत गेले. सुष्मिता परत आली तेव्हा त्यांचं जेवणाचं पान तसंच होतं. ती पानाकडे पाहून म्हणाली, "तू सांगितलंस त्यांना." मग माझ्याशी बोललीच नाही.

आता सगळे झोपले आहेत. मघाशी मामंजी पाणी प्यायला उठले होते. मला दिव्याखाली लिहिताना पाहून म्हणाले, "पोरीचा अभ्यास आज राहिला वाटतं. उद्या लवकर बसव, मी समीकरणं घेतो."

त्यांना आठवत नव्हतं. उद्या सुष्मिताला शेषाद्री सरांकडे पाठवायचंच आहे, परीक्षा जवळ आली. म्हणजे उद्या संध्याकाळी ते पुन्हा 'पोर कुठे?' विचारणार, आणि मला त्यांना हे सगळं पुन्हा पहिल्यापासून कळू द्यावं लागणार.