एकाच कुपीची नोंद

डॉ. सुहासिनी आचरेकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सिल्वासाच्या प्रयोगशाळेत, बेसिनपाशी काचसामान धुताना. मी तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला आले होते. त्यांना मदतनीस समजून विचारलं, "मोठ्या मॅडम कुठे भेटतील?"

"दोन फ्लास्क राहिलेत. ते झाले की भेटतील," त्या म्हणाल्या.

त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना स्वतःची चूक सांगावी का, यावर मी बरेच दिवस घुटमळले. पण ती वगळली तर मॅडम कळणार नाहीत.

न्यूमोनियाचे आणि घशाच्या संसर्गाचे काही जिवाणू वेगळे, पण त्यांची विषं एकाच घराण्यातली. दोन्ही आपल्या पेशींना भोकं पाडतात. दोन्हींच्या रचनेत काही भाग सारखा. रक्तातल्या टी-पेशींना अख्खं विष दिसत नाही. दुसऱ्या पेशी त्याचे तुकडे करून समोर धरतात, तेवढेच त्या ओळखतात. मग एका विषाचा तुकडा ओळखणारी पेशी दुसऱ्याचाही ओळखेल का? तसं असेल, तर एका लसीने अनेक जिवाणूंना तोंड देण्याची आशा धरता येते. निवृत्तीआधी मॅडमना हे तपासायचं होतं.

मसाटच्या सूत कारखान्यातले काही कामगार रक्त द्यायला तयार झाले. सही घेण्याआधी मॅडम प्रत्येकाशी बोलत. धुळ्याकडच्या हिलालभाऊंना त्यांनी विचारलं, "दोन कंपन्यांच्या बॉबिन वेगळ्या, पण धागा सारखा असेल, तर नुसत्या तुकड्यावरून ओळखाल ना?"

"हात लावताच! म्हणजे मना रगतमा बी क्वालिटीवाला बठेल शे?"

"असा तपासनीस आहे का, तेच बघायचंय," मॅडम हसल्या.

निकाल देखणा आला. पहिल्या विषावर वाढवलेल्या पेशी दुसऱ्यालाही तितक्याच जोमाने प्रतिसाद देत होत्या. मॅडमचा निबंध परिषदेसाठी स्वीकारला गेला. त्यानंतर एका रविवारी मी जुनी रोजनिशी चाळत होते. प्रयोगाच्या दिवशी मीच लिहिलं होतं : 'आज घाई. एकच कुपी वितळवली.' दोन विषांच्या दोन गोठवलेल्या कुप्या हव्या होत्या. मी दोन्हीकडे एकच विष घातलं होतं.

सोमवारी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "निबंध मागे घेऊ," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

पुन्हा रक्त लागणार होतं. फोनवर निरोप देता आला असता, पण त्या मला घेऊन मसाटला गेल्या. "चूक आमच्या प्रयोगशाळेची आहे," त्यांनी सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

हिलालभाऊंनी टोमणा मारलाच. "आमना हातथून एक बॉबिन बिघडनी, तर सुपरवायझर दिनभर बोलस. तुमले कोन बोलस, मॅडम?"

"ही," मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनेच चूक पकडली."

मला ते ऐकून घेता येईना. "केलीही मीच," मी म्हणाले.

हिलालभाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाही वर सारली. "मंग या टाइमले नीट करजो, ताई."

दुसऱ्या वेळी काहींच्याच पेशींनी दुसरं विष ओळखलं, तेही मंदपणे. बाकीच्यांच्या गप्प राहिल्या. पहिल्या आलेखापुढे हे फिकं होतं. मी ओशाळून उभी होते. मॅडम मात्र कागदावर वाकून म्हणाल्या, "आता हे खऱ्या माणसांच्या रक्तासारखं दिसतंय. काहींना ओळखता येतं, शुभांगी! म्हणजे वाट आहे."

परिषद त्यांच्याविना पार पडली, निवृत्तीही आली. आता त्या खानवेलला राहतात आणि आठवड्यातून दोनदा बसने प्रयोगशाळेत येतात. गप्प राहिलेल्या पेशी गप्प का, हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. या इच्छेत माझा स्वार्थ आहे, हे लपवत नाही. कधीतरी पुन्हा देखणं उत्तर हाती येईल, तेव्हा ते शांतपणे वाचून 'आणखी एकदा करून बघू या' म्हणायला त्या शेजारी हव्यात.