आपल्याच मातीचं घर

माझ्या आईचं माहेर मिठागरातलं. तिच्या आईच्या पायांच्या भेगा कधी भरल्याच नाहीत. ते बघत मोठी झालेल्या आईनं लग्नाच्या वेळी एकच हट्ट धरला, की मला भाताच्या घरात द्या. आमचं घर वसईच्या पूर्वेला, खाडीकाठचं, भातशेतीचं. आई तिथं आली आणि मिठागराचा विषय तिनं संपवून टाकला. कुणी माहेरच्या मिठाचं कौतुक केलं तरी ती उठून आत जायची.

बाबांचा तोरा वेगळा होता. "इकतचा तांदूल आमच्या चुलीवर कदी चढला नाय," हे ते पाहुणा टेकायच्या आत ऐकवायचे. त्यांच्या या वाक्याची आम्ही भावंडं नक्कल करायचो. पण खरं सांगायचं तर मलाही त्याचा अभिमान होता.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा मागच्या अंगाला नवं घर बांधायचं निघालं. दादा वालीवला कारखान्यात. तो म्हणाला, सिमेंटचे ब्लॉक आणू, झटपट होईल. बाबा त्याच्यावर खेकसलेच. त्या सुमाराला वीटभट्टीवाले गावोगाव शेतं मागत फिरत होते. शेताची वरची माती त्यांनी न्यायची आणि भाजलेल्या विटांतला वाटा शेतवाल्याला द्यायचा. आपल्या मातीच्या विटा, आपल्या मातीचं घर, या कल्पनेनं बाबा हरखून गेले. शिवाय खाडीच्या बांधाजवळचं आमचं शेत जरा उंच होतं, त्यात पाणी ठरत नसे. माती काढली की ते खोल होईल आणि भातही वाढेल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आई पहार घेऊन त्या शेतात गेली. खालची माती काढून तिनं जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"वरची माती पावसानं धुऊन गोडी झालीय," ती बाबांना म्हणाली. "खाली अजून खारच हाय. वरची काढली तं पानी खालून वर येल."

"मिठागराची पोरगी तू," बाबा हसले. "तुला सगलीकडं मीठच दिसतं."

दिवाळीनंतर जव्हारकडून विटा पाडायला माणसं आली. शेताच्या कडेला त्यांनी झोपड्या घातल्या. चिखलात तूस मिसळायचं, तुडवायचं, साच्यात थापायचं, उन्हात मांडायचं, उजाडायच्या आधीपासून हेच चाले. त्यांच्यातली एक बाई आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. कच्च्या विटांच्या रांगेशेजारी तिनं बाळाची झोळी बांधली होती. भट्टी पेटली की धूर आधी त्या झोळीवरून जायचा आणि मग आमच्या अंगणात यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, आंब्याच्या मोहरावर राख. ते बाळ खोकायचं ते आमच्या ओट्यावर ऐकू यायचं. आई त्या बाईला म्हणायची, "पोराला इथं आनून निजव." बाई हो म्हणून मान हलवायची. पण सारखं कामावरून उठलं तर मुकादम ओरडायचा, मग ती आणायची कधी?

पहिल्या वर्षीच्या विटा देखण्या निघाल्या. वाजवल्या की खणखणायच्या. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला त्या वाजवून दाखवत. तीन भिंती उभ्या राहिल्या आणि मागच्या भिंतीला विटा कमी पडल्या. भट्टीवाला म्हणाला, त्याच शेतातला अजून एक थर घेऊ. बाबांनी होकार दिला. आईनं या वेळी नुसतं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि ती विहिरीवर निघून गेली.

दुसऱ्या वर्षी ती बाई परत आली. झोळी नव्हती. आईनं तिच्या हातातली कळशी घेतली, स्वतः पाणी ओढून भरली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. मला मात्र त्या दिवशी भट्टीवाल्याचा, बाबांचा, आमच्या त्या होऊ घातलेल्या घराचाही संताप आला.

घर झालं, दादाचं लग्न झालं. मी लग्न होऊन गिरीजला गेले. माझ्या सासरी केळी आणि नारळीच्या वाड्या, जमिनीत हात घातला तर थंडगार लागतं. पावसाळ्यानंतर माहेरी गेले तेव्हा मागच्या भिंतीवर खालून वीतभर पांढरी कड आली होती. दादानं ती घासून काढली, रंग दिला. रंगाचे पापुद्रे सुटले. पुढच्या खेपेला कड कमरेपर्यंत चढलेली. वहिनी रोज सकाळी त्या भिंतीखालचा चुरा झाडून काढायची, आणि संध्याकाळी तो पुन्हा पडलेला असायचा. पलंग तिनं भिंतीपासून सरकवला. तिला दिवस गेले होते.

शेतात पाणी साचलं, बाबा म्हणत होते तसंच. पण ते पावसाचं नव्हतं. उधाणाच्या भरतीला बांधाच्या खालून ते पाझरायचं आणि ओहोटीला परत जायचं नाही. लावणी केलेलं भात कडेपासून पिवळं पडत गेलं. बाबांनी बांधावर माती टाकली, पुन्हा रोपं लावली, तीही करपली. मग शेजारच्या आमच्याच शेताची कड पिवळी पडू लागली. पुढच्या वर्षी तेही गेलं. ज्यांनी आमचं बघून माती दिली होती त्यांची शेतंही तशीच झाली. भट्टी मात्र चालूच राहिली, थोडी पुढे सरकून.

यंदा चैत्रात मी गेले तर आई घरात नव्हती. बांधाजवळच्या शेतात दिसली. पाणी आटलं होतं आणि तळाला पांढरा थर धरला होता. माझी आई उन्हात ओणवी होऊन तो थर अलगद खरवडत होती आणि टोपलीत भरत होती. हात इतके सराईत चालत होते की मला बघवेना. तिच्या टाचा फुटल्या होत्या. मी "आई" म्हणून हाक मारली, तिनं वर पाहिलं नाही.

तो थर तिनं पाण्यात विरघळवला, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी परातीत उन्हाला ठेवलं. काही दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा बरणीत मीठ होतं, थोडं मळकट.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. भात दुकानातून आणलेल्या तांदळाचा होता. एव्हाना त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आईनं बाबांच्या ताटात कडेला चिमूटभर मीठ वाढलं.

"आपल्या शेतातलं हाय," ती म्हणाली.

बाबांचा हात थांबला. मागच्या खोलीत वहिनी पुन्हा भिंतीखालचा चुरा झाडत होती, केरसुणीचा आवाज येत होता. बाबांनी ते मीठ भातात कालवलं आणि मान खाली घालून सगळा भात संपवला.