नाटकाच्या बॅनरवरचं अक्षर

ती घटना आठवली की आजही आधी अक्षरं दिसतात. जाड, अंगाला अंग लावून उभी, उजवीकडे झुकलेली. त्या अक्षरांमागचा माणूस मी शोधून काढला, पण त्याचं म्हणणं ऐकलं नाही.

धानोरा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. जंगलातून बिडीसाठी तेंदूपानं तोडून आणायचा हंगाम होता. सकाळी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला: जंगलाच्या वाटेवर मोहाच्या झाडाला पाटी बांधली आहे, ‘जंगलात आला तो मेला’. गाव घरात बसलं होतं. अशी पाटी नक्षलवाद्यांचीच, असं आम्ही धरून चालायचो.

खबऱ्याने सांगितलं, असं अक्षर तालुक्यातला एकच बॅनरवाला वापरतो. त्याला ठाण्यात आणलं.

“अक्षर माझंच हाय साहेब,” तो म्हणाला. “झाडीपट्टीच्या नाटकाचं नाव हे एवढं लांब, बॅनर अरुंद. साधं अक्षर मावत नाई. अन् हे फटफटीवरूनही वाचता येते. तुमच्या ठाण्याच्या व्हॉलीबॉलच्या बॅनरलेही हेच होतं. मंग ठाण्यालेही आत टाका!”

हवालदार हसला. मी बॅनरवाल्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं.

पंचनाम्याच्या वेळी पाटी हातात घेतली तेव्हा कळलं, ती छापलेली नव्हतीच. जुन्या बॅनरमधून कापलेली अक्षरं खताच्या पोत्यावर चिकटवली होती. काहींच्या कडेला पिवळा रंग, काहींच्या लाल. नाटक झालं की लोक जुने बॅनर घरी नेतात, गोठ्यावर टाकतात. बॅनरवाल्याला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी गावातले गोठे पाहत फिरलो.

एका गोठ्यात शेणाच्या जमिनीवर उन्हाची अक्षरं पडली होती. छतावरच्या बॅनरमधून तेवढी अक्षरं कापून घेतली होती.

गोठ्याच्या मालकाने काही नाकारलं नाही. मागच्या हंगामात पानं तोडताना त्याच्या बायकोला वाघाने मारलं होतं.

“काऊन केलं भाऊ?” मी विचारलं.

“नाल्यापलीकडं वाघ पुन्हा आला साहेब. पंजे पाह्यले मी. सांगतलं त म्हणतात, तुले आता जिकडंतिकडं वाघच दिसते. वाघाले भेत नाईत, बंदुकीले भेतात.”

“मग हाताने लिहायचं.”

“माह्या हातचं सारं गाव ओळखते. कोन भेलं असतं?”

जीपमध्ये बसताना त्याने माझा हात धरला. “मले न्या. पर उद्या लोकाइले तिकडं जाऊ देऊ नका.”

माझ्यापुरतं प्रकरण उलगडलं होतं. मी गाव जमवलं, पाटी दाखवली, म्हणालो, “कोणाची धमकी नाही. बिनधास्त जा.” वन विभागाला फोन करायचं अटकेच्या कागदपत्रांत राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाल्यापलीकडून एका बाईला खाटेवर आणलं. दवाखान्यात न्यायची गरज उरली नव्हती.

आरोपी गुन्हा का करतो, हे आम्ही जबाबात लिहून घेतो, खाली सही घेतो. तोच जबाब कोणाचा तरी जीव वाचवायला सांगितलेला असू शकतो, हे मला त्या खाटेजवळ उभं राहून कळलं. पुढे मुदतीआधी निवृत्ती घेतली, तरी ते सुटलं नाही.

खाट आणली त्याच संध्याकाळी मी बॅनरवाल्याच्या दुकानात गेलो. ‘नाल्यापलीकडे वाघ आहे. जाऊ नका.’ एवढंच छापायला सांगितलं, त्याच अक्षरात. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त विचारलं, “खाली कोनाचं नाव टाकू साहेब?”

मी कोठडीत बसलेल्या त्या माणसाचं नाव सांगितलं.