सगळं भाड्यातच

माझ्या मावशीला सगळे रफूमावशी म्हणतात. एका लाँड्रीच्या खिडकीशी बसून ती तीस वर्षं लोकांच्या कोटांची भोकं अशी बुजवत आली, की खुद्द कोटवाल्यालाही भोक पुन्हा सापडू नये. एवढी हुशार बाई, पण घरमालकाचं एक वाक्य काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना: "लाइट, पाणी, गॅस, सगळं भाड्यातच."

"म्हणजे कमी वापरलं तर भाडं कमी?" तिने विचारलं.

"नाही. तेवढंच."

"आणि जास्त वापरलं तर?"

"तरी तेवढंच."

मालक म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी हे तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर भिंतीवर बोटाने रेघा ओढून. मावशीने मान डोलावली आणि जिन्यात माझ्या कानाशी लागली, "माणूस चांगला दिसतोय गं, पण काहीतरी लपवतोय."

काका गेल्यापासून वीस वर्षं ती मामाकडे, बाहेरच्या खोलीत, कपाट आणि दार यांच्या मधल्या जागेत झोपायची. मामाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि तीही जागा गेली. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या हातात स्वतःच्या खोलीची किल्ली आली. ही खोली जाऊ नये, बाकी तिला काही नको होतं. म्हणून मालक खूश राहावा यासाठी या शहाणीने काहीच न वापरायचं ठरवलं. आंघोळ गार पाण्याने. स्वयंपाक एकदाच, सकाळी. संध्याकाळी दार किलकिलं ठेवून जिन्यातला उजेड आत घ्यायचा आणि त्यात जेवायचं. मी चिडले तर म्हणाली, "त्याला वाटायला हवं, भाडेकरू असावी तर अशी."

तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मास्तर दारात उभे. मी तिथेच होते.

"बाई, तुम्ही इथे राहत नाही," ते म्हणाले.

मावशीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "मग मी कुठे राहते?"

"ते मला काय माहीत? तुमच्या खोलीचा मीटर जागचा हलत नाही. आधीच्यानेही राहायला म्हणून खोली घेतली आणि आत जुने टायर भरून ठेवले. मला वर माणूस हवाय, गोदाम नको. महिनाभर बघतो, नाहीतर खोली सोडा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी भांडायला तोंड उघडलं, तर मावशीने माझा हात दाबला. मास्तर गेल्यावर ती कॉटवर बसून राहिली. जन्मभर जास्त वापरलं म्हणून बोलणी खाल्ली, आता कमी वापरलं म्हणून! मला तर रागच आला. मास्तरांचा नाही, तिचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, तर खोलीतले तिन्ही दिवे, पंखा, गिझर, सगळं चालू. आणि मावशी बाहेर! जिन्याच्या पायरीवर, मांडीवर कोणाचा तरी कोट, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवतेय.

मास्तर भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. ते थबकले. "आत काय झालं?"

"काही नाही. तुम्ही म्हणालात तसं सगळं लावलंय."

"मग तुम्ही बाहेर का?"

"बघवत नाही हो. आत उगाच जळतंय."

"अहो, आत जाऊन बसा, म्हणजे उगाच नाही."

"मी एकटीच तर आहे," मावशी म्हणाली.

मास्तर गोंधळले. "हो, मग? एकटीसाठीच आहेत ते."

मावशीला वाटलं, ते थट्टा करतायत. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते. तिने सुई कोटात खोचली आणि आत गेली. गिझर बंद केला, पंखा बंद केला, एक दिवा घालवला. दुसऱ्याच्या बटणापर्यंत हात गेला आणि तिथेच थांबला.

"एकटीला एक पुरे ना गं?"

"राहू दे दोन," मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला, कॉटवर बसली आणि रडायला लागली. पदराने डोळे पुसायची, दिव्याकडे बघायची आणि मलाच विचारायची, "मी का रडतेय गं?"