कोपरापासून सुरुवात

जळगावातले आमचे त्वचेचे डॉक्टर मूळचे धुळ्याकडचे. पेशंटशी ते अहिराणीत आणि शेतातून हाक मारावी इतक्या मोठ्यांदा बोलतात. त्या आवाजाच्या धास्तीने मी लिंगावरचा पांढरा, कडक चट्टा लपवला आणि त्यांना आधी कोपर दाखवलं, पुढच्या खेपेस टाच. चट्ट्यावर मेडिकलमधून आणलेली गजकर्णाची ट्यूब चोळणं चालूच होतं.

शेवटी कोपर अगदी ठणठणीत असल्याचं सांगत ते म्हणाले, "भाऊ, कोपर बठ्ठं बरं शे. आते खरं दखाडा."

दाखवलं. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं आणि अहिराणी सोडून ते पहिल्यांदाच हळू बोलले, "हा विषाणूचा आजार वाटत नाही, कुणाकडून लागलेला नाही. पण अशा जुन्या चट्ट्यातून कधीकधी कॅन्सर होतो. तुकडा काढून तपासू."

रिपोर्ट आला. पेशी बदलू लागल्या होत्या, कॅन्सर मात्र झालेला नव्हता. तेवढी कातडी काढायची होती.

"वहिनींना सांगितलं?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो. एवढा माझा पराक्रम.

त्यांनी बाहेर बसलेल्या माझ्या बायकोला आत बोलावून त्याच हळू आवाजात सगळं समजावलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि हे जवळ येईनात, म्हणून मी समजत होते, यांचं बाहेर काहीतरी चालू आहे!"

पुढे तिने मला जे सुनावलं, ते बाहेरच्या पेशंटना ऐकू जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी हात धुवायच्या निमित्ताने बेसिनचा नळ पूर्ण सोडला.