मालतीबाईचा हात आणि गुलाबी पिल्लू

सुरतेजवळच्या कोसाडच्या वसाहतीत मालतीबाईला ओळखत नाही असं कोण आहे? नळाच्या रांगेत तिने नुसतं खाकरलं तरी पुढच्या बाया हंडे बाजूला घेतात. एकदा पाणी सोडणाऱ्याला तिने अहिराणी, गुजराती नि हिंदीतून एका दमात असं झापलं, की तो माणूस पुढे कितीतरी दिवस तिला लांबूनच नमस्कार करायचा. पण या वाघिणीचं एक गुपित आहे. बाई भित्री आहे. आणि भिते कशाला? चोराला नाही, भुताला नाही. कुणाला नव्या खाण्याचा पहिला घास भरवायला भिते.

हसू नका. कारण आहे त्याला.

लग्न होऊन साक्रीकडे सासरी गेली तेव्हाची गोष्ट. सासूच्या शेळीचं करडू नुकतं पाला चघळायला शिकलेलं. नव्या सुनेला वाटलं, आपणही जरा लाड करावा. पावसाने ओढ दिलेली, ज्वारी वीतभरच राहिलेली, पण दिसायला कशी कोवळी लुसलुशीत! हिने मूठभर उपटली आणि प्रेमाने भरवली. दिवस मावळायच्या आत करडू पाय ताणून पडलं. तसली खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी, हे शेतकऱ्याच्या पोरीला कळलं असतं. मालतीबाईचा बाप नंदुरबार स्टेशनावरचा हमाल. तिने ज्वारी पाहिलेली ती भाकरीतच.

सासू ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "इना हातले गुण नई वं माय."

झालं. ते वाक्य मालतीबाईच्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच. पुढे स्वतःच्या पोराचं, योगराजचं उष्टावण होतं, तर ही आई चुलीपुढे धूर डोळ्यांत गेल्याचं नाटक करत बसली नि घास सासूने भरवला. सासू गेली, नवऱ्याबरोबर ही सुरतेला आली, योगराज मोठा झाला, त्याला नूतनसारखी गुणी बायको आली, नात झाली हर्षदा. आणि शहाण्णवच्या थंडीत हर्षदा सहा महिन्यांची होत आली.

"आत्याबाई," नूतन एके दिवशी सासूला म्हणाली, "उष्टावणाला मामाचा घास झाला की दुसरा तुमचा हं. आजीच्या हातचा."

मालतीबाई बोलली, "हां हां, देखू," आणि तिच्या हातातली साडी गळून पडली.

साडी म्हणजे तिचं घरचं काम. मार्केटातून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे यायचे. साडीच्या उलट्या बाजूला मशीनचे सुटे धागे लोंबत असतात, ते चिमट्यासारख्या छोट्या कातरीने कचाकच कापायचे. दिवसभर मालतीबाईच्या मांडीवर साडी आणि फरशीवर लाल, पिवळ्या धाग्यांचा कचरा. हे लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात तिचा नवरा सुकदेव लूमच्या खात्यातून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून, सुटून आला तो बगलेत पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. आतून चिवचिव. अमरोलीच्या नाक्यावर टोपलीवाला बसायचा ना, रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकणारा? त्याच्याकडून नातीला खेळायला म्हणून आणलेली. एक गुलाबी, एक हिरवं, बाकीची पिवळीधमक.

"योगराजना बाप, डोकं फिरनं का तुमनं?" मालतीबाई ओरडली. "यासले आई नई, बाप नई, आनि तुम्ही आनात माझ्या घरात?"

"तू शे ना आई," सुकदेव म्हणाला. "फक्त खाऊ घाली घाली मारू नको."

सहज बोलला हो बिचारा. पण मालतीबाईचा चेहरा उतरला. तिने हात धुतले, देवीच्या फोटोपुढे उभी राहिली, आणि मनात बोलून बसली: आई सप्तशृंगी, हर्षदाच्या उष्टावणापर्यंत ही सगळी पिल्लं माझ्या हातचं खाऊन जगली, तर पोरीला घास भरवेन. एक जरी गेलं, तर त्या दिवशी पोट दुखतं म्हणून बारडोलीला बहिणीकडे निघून जाईन. हे तिने कुणाला सांगितलं नाही. नूतनला नाही, सुकदेवला तर नाहीच नाही.

मग सुरू झाला तमाशा. खोक्यावर बल्ब लावला. लाईट गेली की ही बया पिल्लं पदरात घेऊन बसायची. पाण्याच्या झाकणात खडे टाकले, कारण एखादं बुडून मेलं तर? तांदळाची कणी घालायची तीही तीनदा निवडून. सगळी पिल्लं बकाबका खायची आणि ही त्यांच्याकडे अशी बघायची, जसं काही प्रत्येक दाण्यात विष आहे.

शेजारच्या काशीबाईला राहवलं नाही. काशीबाई नांदेडकडची. नवरा नागनाथ रेल्वेतून निवृत्त. लहानपणी घरात कोंबड्या असायच्या तिच्या.

"नुसती कणी किती दिस घालायलीस गं? मेथी घाल बारीक चिरून. उकडलेलं अंडं घाल."

"अंडं? कोंबडीच्या पोराला अंडं? काशीबाई, पाप लागंल!"

"त्यास्नी काय माहीत कुणाचं हाय ते? आन् वाळू टाक चिमूटभर. दात हायेत का त्यास्नी? पोटात वाळूनंच दळतेत. नवं खाणं देण्याआधी वाळू पायजे."

पिल्लाला वाळू खायला घालायची, हे ऐकूनच मालतीबाईला घाम फुटला. वाळू तिने आणली, चाळली, धुतली, वाळवली, डब्यात भरली आणि डबा फडताळात ठेवून दिला. उद्या घालू म्हणाली. तो उद्या काही उगवला नाही.

मेथी मात्र घातली. आधी एकट्या गुलाबीला, नखाएवढी. मग त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. गुलाबी जगलं. दुसऱ्या दिवशी अंडं, नजर चोरून. तेही पचलं. मग बाईची भीड चेपली. डब्यात गावाकडच्या शेवया उरल्या होत्या. त्या उकडून, गार करून तिने खोक्यात टाकल्या, आणि काय ती धमाल! एकाच्या चोचीत एक टोक, दुसऱ्याच्या चोचीत दुसरं, खोकंभर पळापळी. नूतन हर्षदाला कडेवर घेऊन हसत होती, हर्षदा हातपाय नाचवत होती, मालतीबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी तिला आपल्या हाताची भीती वाटली नाही. मग रोज शेवया. पिल्लं शिकली ना: लांब, बारीक, वळवळतं ते गोड.

तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं.

उष्टावणाला दोन दिवस राहिले होते. दुपारची वेळ. पिल्लं आता खोक्याबाहेर हुंदडायची. मालतीबाई साडी घेऊन बसलेली, कातर चाललेली. मध्येच तिने मान वर केली तर गुलाबी भिंतीशी उभं, मान लांब करतंय, डोकं झटकतंय, चोच उघडतंय नि मिटतंय. चोचीतून लाल धागा लोंबत होता.

तिला पिल्लू दिसत नव्हतं, करडू दिसत होतं.

"काशीबाई! ओ काशीबाई!"

काशीबाई धावत आली, तोवर मालतीबाईने धाग्याचं टोक चिमटीत धरलेलं.

"ओढू नको!" काशीबाई ओरडली. "आत किती गेलाय कुणाला ठावं? आतडं कापंल! आधी चोच उघडून बघ, जिभंला गुंडाळलाय का."

"तूच बघ ना वं माय. तुला हात जोडते."

"माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. मला पिल्लूच गुलाबी ढगावानी दिसायलंय, जीभ कुठली दिसती? तूच काप. कातर तुझ्याच हातात हाय."

होतीच. आतून नूतन धावत आली, हर्षदा काशीबाईच्या मांडीवर गेली. नूतनने पिल्लू ओंजळीत धरलं. एवढंसं अंग, त्यातलं काळीज नूतनच्या बोटांना धडधडताना लागत होतं.

"आत्याबाई, लवकर. मान टाकतंय ते."

"माझ्या हातानं नको नूतन. तुला माहीत नाही. माझ्या हातानं..."

"मग कुणाच्या हातानं? खात्यातून मामाजी येईपर्यंत थांबायचं का?"

मालतीबाईने चोच नखाने उघडली. धागा जिभेच्या मुळाशी दोन वेढे घालून बसला होता. कातरीचं टोक आत घातलं. तिचा हात इतका कापत होता, की काशीबाईने मोतीबिंदूतूनही पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. पण कातर धाग्याला टेकली मात्र, आणि हात थांबला. बाई दिवसभर करते काय? कापड न दुखवता धागाच कापते ना? कच्. एक वेढा. कच्. दुसरा. बाहेरचा तुकडा निघून आला. आतला उरलेला पिल्लाने गटकन् गिळला.

"गिळलं!" मालतीबाई किंचाळली. "काशीबाई, आत गेला!"

"जाऊ दे. गोडंतेलाचा थेंब घाल, आन् आता तरी ती वाळू काढ बाई फडताळातनं. निघाला तर उद्या निघंल खालून. शेवया बंद."

निघाला तर. हे दोन शब्द मालतीबाईने संध्याकाळभर गिळले, जेवण मात्र गिळवेना. गुलाबी कोपऱ्यात पिसं फुगवून बसलं होतं, डोळे अर्धे मिटून. तिने हळूच पिशवीत लुगडं घातलं. बारडोलीची गाडी सकाळी असते.

सकाळी सुकदेव चहा पीत बसला होता, तर बायको समोर उभी, हातात वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर पिल्लाची शी, आणि शीत लाल धाग्याची गोळी.

"देखा! देखा ना!"

"चहा पी ऱ्हायनू ना वं मी!"

"आख्खा निंघी गया!" तिच्या डोळ्यांत पाणी. मागे गुलाबी पिल्लू वाळूवरची कणी टिपत होतं.

पिशवीतलं लुगडं कुणाच्या लक्षात यायच्या आत परत पेटीत गेलं.

उष्टावणाचा दिवस उजाडला. नूतनचा भाऊ लखन गावाहून आला. नूतनने पाटापुढे खिरीची वाटी ठेवली. मामाने अंगठी बुडवून पहिला घास भरवला, हर्षदाने तोंड वाकडं केलं, सगळे हसले.

"आता आजी," काशीबाई म्हणाली.

मालतीबाई पुढे सरकली, वाटीत पाहिलं, आणि तिथेच थिजली. शेवयांची खीर. लखनने आईच्या हातच्या शेवया आणल्या होत्या नि नूतनने कौतुकाने त्याच केल्या होत्या. लांब, बारीक, वळवळणाऱ्या.

खोलीत सगळे वाट बघत होते. दार तिच्या पाठीशीच होतं. पोट दुखतंय म्हणायला एक क्षण लागला असता.

तिने वाटी मांडीवर ओढली. हात पुन्हा धुऊन आली. आणि अंगठ्याने एकेक शेवई चेपायला लागली. चेपते, बघते, पुन्हा चेपते.

"वं, खीर भरावनी शे का कणिक मळनी शे?" सुकदेव म्हणाला.

"चूप बसा हो तुम्ही!"

वाटीत धाग्याएवढं काही उरलं नाही, तेव्हा तिने बोटावर थेंबभर घेतलं. हर्षदाने ते बोट दोन्ही मुठींत पकडलं आणि सरळ तोंडात घातलं. चोखलं. गिळलं. आणि बोट सोडेचना.

मालतीबाई नातीच्या गळ्याकडे बघत राहिली. बाकीचे कधी जेवायला बसले, तिला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतनला जाग आली, तर सासू खिडकीपाशी उजेडात उभी. हातात हर्षदाचा शीचा लंगोट, अगदी डोळ्यांजवळ.

"आत्याबाई? काय शोधताय त्यात?"

"काही नाही वं," मालतीबाई म्हणाली आणि लंगोट बादलीत बुडवला. "चांगलं शे सगळं."